वेब दुर्बीण आणि दूरच्या दीर्घिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाच्या रात्री दुर्बिणीसमोरच्या रांगेत, व्याख्यान संपल्यावर आणि एरवी फोनवर मला जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. पूर्वी ग्रहणं आणि धूमकेतूंबद्दल जास्त विचारणा व्हायची. गेल्या तीन-चार वर्षांत जेम्स वेब या अंतराळ दुर्बिणीने टिपलेल्या दूरच्या दीर्घिकांनी, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांनी, ती जागा घेतली आहे. सोपे प्रश्न आधी घेतलेत, अडचणीचे नंतर. बऱ्याच उत्तरांचा धागा प्रश्न ५ मध्ये आहे, त्यामुळे वेळ कमी असेल तर निदान तो वाचा.

१. वेब दुर्बीण पृथ्वीभोवती फिरते का? बिघडली तर अंतराळवीर जाऊन दुरुस्त करतील का?

दोन्हींचं उत्तर नाही असंच आहे. हबल दुर्बीण पृथ्वीपासून सुमारे ५०० किलोमीटर उंचीवर घिरट्या घालते. वेब मात्र सुमारे १५ लाख किलोमीटर दूर, म्हणजे चंद्राच्या जवळजवळ चौपट अंतरावर, एल-२ नावाच्या बिंदूभोवती फिरत सूर्याची प्रदक्षिणा करते. तिथून सूर्य, पृथ्वी आणि चंद्र कायम एकाच बाजूला राहतात. त्या बाजूला टेनिसच्या मैदानाएवढी, पाच पदरी सूर्यढाल धरली की दुर्बीण सावलीत गार राहते.

२५ डिसेंबर २०२१ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून एरियन-५ रॉकेटने ती निघाली. उड्डाण इतकं अचूक झालं की मार्ग सुधारण्यासाठी राखलेलं बरंच इंधन वाचलं आणि ते आता वीस वर्षांहून जास्त पुरेल असा अंदाज आहे. हबलकडे १९९३ ते २००९ या काळात पाच वेळा अंतराळवीर गेले. वेबची रचना तशा दुरुस्तीसाठी केलेलीच नाही. मे २०२२ मध्ये तिच्या एका आरशावर बारीक उल्काकण आदळला आणि खूण राहिली, पण काम थांबलं नाही.

२. हबल होतीच की! मग वेब कशाला हवी होती?

पापड लाटताना त्यातले जिरे एकमेकांपासून लांब जातात. जिरे स्वतः सरकत नाहीत, खालचं पीठ पसरतं. विश्वात दीर्घिकांमधलं अंतर असंच वाढतं, आणि त्या पसरणाऱ्या अवकाशातून येताना प्रकाशाच्या लहरीही ताणल्या जातात. निळ्याचा लाल होतो, लालचा अवरक्त, म्हणजे लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा. या ताणाला ताम्रसृती म्हणतात. ताम्रसृतीच्या आकड्यात एक मिळवला की लहर किती पट ताणली गेली ते कळतं.

आता एक हिशेब करू. हायड्रोजनची एक ठळक अतिनील रेषा मुळात ०.१२१६ मायक्रॉनची असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ताम्रसृती १४.४४ असेल तर ती १५.४४ पट ताणून सुमारे १.८८ मायक्रॉनवर येते. हबलची नजर साधारण १.७ मायक्रॉनपर्यंतच पोचते. म्हणजे हबल कितीही दिवस तिकडे रोखून धरली असती तरी अशी दीर्घिका तिला दिसलीच नसती. वेब ०.६ ते २८ मायक्रॉन पाहते, शिवाय तिचा आरसा ६.५ मीटरचा आहे आणि हबलचा २.४ मीटरचा. बेरिलियमचे, सोन्याचा मुलामा दिलेले अठरा षटकोनी तुकडे जोडून तो केला आहे, कारण एवढा अखंड आरसा रॉकेटात मावत नाही. सोनं अवरक्त प्रकाश फार चांगला परावर्तित करतं.

३. बातमीत कधी "१३.५ अब्ज प्रकाशवर्षे" असतं, कधी "३४ अब्ज". खरं कोणतं?

दोन्ही बरोबर आहेत, फक्त ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. प्रकाशाला यायला किती वर्षं लागली, असं विचारलं तर सुमारे १३.५ अब्ज. ती जागा आज आपल्यापासून किती लांब आहे, असं विचारलं तर सुमारे ३४ अब्ज प्रकाशवर्षे, कारण प्रकाश वाटेत असताना अवकाश पसरतच राहिलं. मला स्वतःला तिसरी पद्धत आवडते: महास्फोटानंतर किती वर्षांनी तो प्रकाश निघाला, हे सांगायचं. त्यात गोंधळ होत नाही. पुढे तीच वापरली आहे.

४. आजवर सापडलेली सर्वांत दूरची दीर्घिका कोणती?

वर्णपटाने (तो काय ते प्रश्न ५ मध्ये) पक्क्या झालेल्या दीर्घिकांत मॉम-झेड१४. तिची ताम्रसृती १४.४४ आहे, म्हणजे तिचा प्रकाश महास्फोटानंतर सुमारे २८ कोटी वर्षांनी निघाला. रोहन नायडू आणि सहकाऱ्यांनी ती मे २०२५ मध्ये जाहीर केली. हा विक्रम मोडला की हे उत्तर बदलेन.

तिच्या आधीचा मान जेड्स-जीएस-झेड१४-० या दीर्घिकेकडे होता आणि मला तीच जास्त मोलाची वाटते. मे २०२४ मध्ये वेबच्या वर्णपटावरून तिची ताम्रसृती १४.३२ ठरली. नंतर चिलीतल्या अल्मा या रेडिओ दुर्बीणसमूहाला तिच्यात ऑक्सिजन सापडला आणि आकडा १४.१८ असा नेमका झाला. महास्फोटातून फक्त हायड्रोजन, हेलियम आणि किंचित लिथियम निघाला. ऑक्सिजन ताऱ्यांच्या पोटात शिजतो. म्हणजे विश्व जेमतेम तीस कोटी वर्षांचं असताना त्या दीर्घिकेत ताऱ्यांची निदान एक पिढी जन्मून, जळून, फुटून गेली होती.

५. नुसता फोटो पाहून अंतर कसं सांगतात? त्यात चूक होत नाही का?

होते, आणि ती कशी होते हे समजलं की बातम्या वाचायची पद्धतच बदलते.

दीर्घिकांमधला उदासीन हायड्रोजन वायू एका ठरावीक मर्यादेपलीकडचा अतिनील प्रकाश गिळून टाकतो. त्यामुळे दूरच्या दीर्घिकेच्या प्रकाशात एक कडा तयार होतो: कड्याच्या एका बाजूला प्रकाश, दुसऱ्या बाजूला काळोख. विश्व पसरतं तसा हा कडा लांब लहरींकडे सरकतो. वेगवेगळ्या गाळण्या लावून एकाच जागेचे फोटो घ्यायचे आणि दीर्घिका कोणत्या गाळणीपासून दिसेनाशी होते ते पाहायचं. एका गाळणीत आहे, अलीकडच्या गाळणीत गायब, म्हणजे कडा त्या दोघींच्या मध्ये. यावरून जो आकडा निघतो तो अंदाज असतो.

दुसरी पद्धत वर्णपटाची. प्रकाश पसरवून त्यातल्या ऑक्सिजनच्या, हायड्रोजनच्या रेषा कुठे आल्या ते मोजायचं. रेषा ओळखू आल्या की शंका उरत नाही. वेबवरच्या निअरस्पेक या उपकरणात सुमारे अडीच लाख सूक्ष्म झडपा आहेत. हव्या त्या दीर्घिकांसमोरच्या तेवढ्या उघडून एका वेळी शंभरेक वर्णपट घेता येतात.

आता चुकीची गोष्ट. २०२२ च्या उन्हाळ्यात वेबच्या सीअर्स नावाच्या पाहणीतल्या सीअर्स-९३३१६ या ठिपक्याची ताम्रसृती फोटोंवरून १६ च्या वर निघाली. पक्की झाली असती तर सगळे विक्रम मोडले असते. २०२३ मध्ये वर्णपट आला आणि आकडा निघाला ४.९. झालं असं की त्या दीर्घिकेत धूळ भरपूर होती आणि ऑक्सिजन-हायड्रोजनच्या रेषा इतक्या प्रखर होत्या की नेमक्या काही गाळण्यांत उजेड वाढला. फोटोंत ते हुबेहूब कड्यासारखं दिसलं. त्याच पाहणीतली दुसरी एक दीर्घिका मात्र वर्णपटानेही ११.४ वर पक्की झाली. फोटोंवरची पद्धत टाकाऊ नाही, पण ती पहिली पायरी आहे.

म्हणून बातमी आली की मी आधी एकच गोष्ट शोधतो: आकडा गाळण्यांवरून काढलाय की वर्णपटावरून? तुम्हीही शोधा.

६. वेबच्या फोटोतले रंग खरे असतात का? आणि ताऱ्यांना टोकं का दिसतात?

अवरक्त प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे रंग द्यावेच लागतात. पण मनाला येतील तसे देत नाहीत. सर्वांत आखूड लहरींना निळा, मधल्यांना हिरवा, लांब लहरींना लाल, असा क्रम पाळतात. फोटोत जे जास्त लाल दिसतं, ते खरोखर लांब लहरींत जास्त उजळ असतं.

टोकं ही दुर्बिणीची सही आहे. षटकोनी आरशांमुळे सहा मोठी टोकं आणि पुढचा छोटा आरसा धरणाऱ्या दांड्यांमुळे दोन बारीक टोकं उमटतात.

७. "वेबने महास्फोट खोटा ठरवला" असा व्हिडिओ आलाय. खरं आहे का?

नाही. हा प्रश्न मला सर्वांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या एका शोधनिबंधात सहा दीर्घिका मांडल्या होत्या. महास्फोटानंतर साधारण ५० ते ७० कोटी वर्षांत त्या इतक्या जड झाल्यासारख्या दिसत होत्या की तेवढे तारे घडवायला त्या वेळी पुरेसं द्रव्य गोळा झालं असेल का, अशी शंका आली. ते आकडे गाळण्यांवरून काढलेले होते आणि लेखकांनी तसं स्पष्ट लिहिलंही होतं. पुढे वर्णपट मिळू लागले. त्यातल्या एकीचं अंतर आधीच्या अंदाजापेक्षा बरंच कमी निघालं आणि तिच्या मध्यभागी सक्रिय कृष्णविवर सापडलं. कृष्णविवराभोवतीचा उजेड ताऱ्यांच्या खात्यात मांडला, तर दीर्घिका आहे त्यापेक्षा जड वाटणारच.

खरं कोडं तरीही उरलंच आहे. पहिल्या ५० कोटी वर्षांतल्या तेजस्वी दीर्घिका जुन्या गणितांत निघाल्या त्यापेक्षा जास्त संख्येने दिसतात, आणि त्यांतल्या कित्येकींचे वर्णपटही हातात आहेत. म्हणजे तारे घडण्याबद्दलच्या आपल्या समजुतीत काहीतरी कमी आहे. त्या काळी वायूचं ताऱ्यांत रूपांतर जास्त झपाट्याने होत असेल. तारे एकसारखे जन्मण्याऐवजी उमाळ्याउमाळ्याने जन्मत असतील आणि आपल्याला उमाळ्यातल्याच दीर्घिका दिसत असतील. धूळ कमी असल्याने त्या जास्त उजळ दिसत असतील. यावर आज संशोधकांत खरा वाद चालू आहे, आणि तो चालू असताना पाहायला मिळतोय हे मला भाग्याचं वाटतं.

महास्फोटाचे आधार वेगळेच आहेत: सगळ्या आकाशातून येणारं सूक्ष्मलहरी प्रारण, हायड्रोजन आणि हेलियमचं प्रमाण, विश्वाचं प्रसरण. वेबच्या निरीक्षणांनी त्यांतल्या एकालाही धक्का लागलेला नाही.

८. मग विश्वाचं वय २६.७ अब्ज वर्षे आहे, हे कुठून आलं?

कॅनडातल्या ओटावा विद्यापीठाचे राजेंद्र गुप्ता यांनी २०२३ मध्ये तसं एक प्रारूप मांडलं. प्रसरणाबरोबरच प्रवासात प्रकाश 'थकतो', म्हणून तो लाल होतो, ही जुनी कल्पना त्यांनी त्यात घेतली. असं मांडणं चुकीचं नाही. तपासाला टिकतं का, एवढंच पाहायचं.

अडचणी दोन. दूरच्या ताऱ्यांचे स्फोट ताम्रसृतीच्या प्रमाणात मंदावलेले दिसतात. जवळ तीन आठवड्यांत मावळणारा स्फोट दूरवर सहा आठवडे रेंगाळतो. अवकाश ताणलं गेलं तर असं व्हायलाच हवं, पण प्रकाश नुसता थकला तर स्फोट लांबायचं कारण नाही. दुसरी साधी आहे: विश्व २६ अब्ज वर्षांचं असतं तर २० अब्ज वर्षांचे छोटे, मंद तारे आपल्या आसपास सापडले असते. असा एकही पक्का सापडलेला नाही. सूक्ष्मलहरी प्रारणावरून निघालेलं १३.८ अब्ज वर्षांचं वयच आज ग्राह्य आहे.

९. नारळीकर सर महास्फोट मानत नव्हते. वेबने ते बरोबर ठरवले का?

हा प्रश्न मराठी माणूसच विचारतो आणि त्यामागचं प्रेम मला कळतं. माझ्यासकट कितीतरी जण जयंत नारळीकरांमुळेच या विषयाकडे वळले. २० मे २०२५ रोजी ते गेले, तेव्हा हा प्रश्न पुन्हा खूप जणांनी विचारला.

उत्तर सरळ द्यायला हवं. नारळीकर ज्या स्थिर स्थिती सिद्धांताच्या बाजूने होते, त्यात विश्व कुठल्याही काळी सरासरीने सारखंच दिसायला हवं. वेबला दूर पाहावं तसं विश्व वेगळं दिसतं: दीर्घिका लहान, जड मूलद्रव्यं कमी, ताऱ्यांचे जन्म जोरात. हे बदलणारं विश्व आहे. १९९३ मध्ये फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासोबत नारळीकरांनी अर्ध-स्थिर स्थितीचं सुधारित प्रारूप मांडलं. त्यात विश्व आळीपाळीने फुगतं आणि आकसतं, आणि सूक्ष्मलहरी प्रारणाचा उगम लोहाच्या बारीक सुयांनी पसरवलेल्या तारकाप्रकाशात शोधला होता. त्या प्रारणातले बारीक चढउतार महास्फोटाच्या प्रारूपाला जसे जुळतात तसे या प्रारूपाला जुळले नाहीत, आणि बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ते स्वीकारलं नाही.

सर्वमान्य मताला निरीक्षणाच्या जोरावर प्रश्न विचारण्याची सवय त्यांनी लावली. ती सवय आता त्यांच्याच सिद्धांताला लावणं, यात त्यांचा अवमान आहे असं मला मुळीच वाटत नाही. पुण्यात त्यांनी उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आजही हेच काम करते. पुढचे काही प्रश्न पुण्याचेच आहेत.

१०. पुण्यात शोधलेली 'अलकनंदा' दीर्घिका काय आहे?

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या, म्हणजे एनसीआरएमधल्या संशोधक विद्यार्थिनी राशी जैन आणि त्यांचे मार्गदर्शक योगेश वाडदेकर यांनी वेबच्या फोटोंतून शोधलेली ही सर्पिल दीर्घिका. शोधनिबंध २०२५ मध्ये 'अ‍ॅस्ट्रॉनॉमी अँड अ‍ॅस्ट्रोफिजिक्स' या युरोपीय नियतकालिकात आला.

महास्फोटानंतर सुमारे दीड अब्ज वर्षांनी ती अशी होती: सुमारे तीस हजार प्रकाशवर्षं रुंद चकती, मधे फुगवटा, दोन नीट वळलेले बाहू आणि बाहूंवर दोऱ्यात मणी ओवावेत तशा नव्या ताऱ्यांच्या वसाहती. ताऱ्यांचं एकूण वस्तुमान सूर्याच्या सुमारे दहा अब्ज पट. दरवर्षी साठेक सूर्यांइतके नवे तारे तयार होत होते, आपल्या आकाशगंगेच्या आजच्या वेगाच्या साधारण वीस पट.

नवल वाटतं ते तिच्या नीटनेटकेपणाचं. इतक्या लवकरच्या दीर्घिका बहुधा ओबडधोबड असतात: वायू ओतला जातोय, शेजारणी आदळताहेत, सगळी घुसळण चालू. चकती शांत होऊन फिरू लागायला आणि तिच्यात बाहू उमटायला कित्येक अब्ज वर्षं लागतात, असं मानलं जायचं. हबलला या दीर्घिकेचा अतिनील प्रकाशच दिसू शकत होता, त्यात मुख्यतः तरुण तारे येतात. पाचपट ताणलेला तिचा दृश्य प्रकाश वेबने टिपला तेव्हा पूर्ण चकती समोर आली.

नावाबद्दल: हिंदीत आकाशगंगेला मंदाकिनीही म्हणतात. केदारनाथहून येणारी मंदाकिनी आणि बद्रीनाथकडून येणारी अलकनंदा रुद्रप्रयागला मिळतात. आपल्या दीर्घिकेची दूरची बहीण म्हणून अलकनंदा. इतकं जुळलेलं नाव मी क्वचित पाहिलंय.

११. ती जगातली सर्वांत जुनी सर्पिल दीर्घिका आहे का? आणि तिचं अंतर पक्कं आहे का?

"सर्वांत जुनी" हे मथळ्यांनी लावलेलं शेपूट आहे. अल्माने २०२१ मध्येच महास्फोटानंतर सुमारे १.४ अब्ज वर्षांच्या एका दीर्घिकेत सर्पिल रचना दाखवली होती. २०२४ मध्ये वेबच्या डेटातून झूलोंग नावाची त्याहून आधीची उमेदवारही पुढे आली. अलकनंदाचं मोल तिच्या दोन्ही बाहूंच्या स्पष्टपणात आहे.

अंतराबद्दल प्रश्न ५ आठवा. अलकनंदाची ४.०५ ही ताम्रसृती गाळण्यांवरूनच काढलेली आहे. पण इथे हबल आणि वेबच्या मिळून २१ गाळण्या आहेत, त्यातल्या बऱ्याच अरुंद पट्ट्यांच्या. एवढ्या गाळण्या एकत्र घेतल्या की ढोबळ वर्णपटच तयार होतो आणि सीअर्स-९३३१६ सारखी फसगत होण्याची शक्यता फार कमी होते. तरी वर्णपट हवाच. त्यातून चकती खरंच शांतपणे फिरते की आतून खवळलेली आहे, हेही कळेल. बाहू शेजारणीच्या ओढीने उठलेत की चकतीतल्या घनतालहरींमुळे, म्हणजे तारे आणि वायूच्या दाटीच्या लाटांमुळे, हे ठरवायला ती माहिती लागेल.

१२. ती गुरुत्वीय भिंगातून दिसली म्हणतात. मग बाहू हा भिंगाचा भास नसेल कशावरून?

चांगली शंका आहे. अलकनंदाच्या वाटेत अबेल २७४४ हा दीर्घिकांचा प्रचंड समूह आहे. त्याला पँडोराचा समूह असंही नाव आहे. त्याच्या वस्तुमानाने प्रकाश वाकतो आणि मागच्या वस्तू मोठ्या दिसतात. समूहाच्या गाभ्याजवळ हा परिणाम इतका तीव्र असतो की दीर्घिका ताणून कमानी होतात किंवा एकीच्या तीन-तीन दिसतात. अलकनंदा तशा जागी नाही. तिचा प्रकाश साधारण दुपटीनेच वाढलेला आहे. असं सौम्य भिंग आकृती थोडी मोठी करतं, किंचित ओढतं, पण नसलेले बाहू काढू शकत नाही.

१३. 'छोटे लाल ठिपके' म्हणजे काय?

वेबच्या जवळजवळ प्रत्येक खोल फोटोत सापडणाऱ्या, अगदी लहान आणि लालभडक वस्तू. बहुतेक महास्फोटानंतरच्या पहिल्या दीड अब्ज वर्षांतल्या आहेत, नंतर विरळ होत जातात. वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा रुंद दिसतात, म्हणजे वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने फिरतोय; ही कृष्णविवराची खूण. पण वाढत्या कृष्णविवराकडून जे क्ष-किरण यायला हवेत ते बहुतेकांकडून येत नाहीत. सध्याचं एक आकर्षक स्पष्टीकरण असं: कृष्णविवराभोवती दाट वायूचं जाड वेष्टण आहे, ते क्ष-किरण अडवतं आणि स्वतः ताऱ्याच्या पृष्ठभागासारखं तापून लाल उजळतं. याबद्दल आज ठाम काही लिहिणं मी टाळतो.

१४. भारताची अंतराळ दुर्बीण नाही का?

आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटाहून सोडलेली ॲस्ट्रोसॅट. ती क्ष-किरण आणि अतिनील प्रकाश पाहते. आयुकाचे कनक साहा आणि सहकाऱ्यांनी तिच्या अतिनील दुर्बिणीने एयूडीएफएस०१ या दीर्घिकेतून निघालेला तीव्र अतिनील प्रकाश टिपला. २०२० मध्ये ते 'नेचर अ‍ॅस्ट्रॉनॉमी'त छापून आलं. तो प्रकाश सुमारे ९.३ अब्ज वर्षांपूर्वीचा. त्यासाठी २८ तासांहून जास्त निरीक्षण केलं होतं. आकाराने कितीतरी मोठ्या हबलला जमलं नाही ते जमायचं कारण म्हणजे ॲस्ट्रोसॅटच्या संवेदकातला पार्श्वभूमीचा गोंगाट फार कमी आहे. महास्फोटानंतरचा धुरकट वायू कोणत्या प्रकाशाने निवळला, या प्रश्नाशी हा शोध जोडलेला आहे.

१५. वेबचा डेटा मला मिळेल का? माझी मुलगी बीएस्सीला आहे.

मिळेल, फुकट. निरीक्षणं आधी प्रस्ताव पाठवणाऱ्या गटाला साधारण वर्षभर राखीव असतात, मग सगळ्यांना खुली होतात. काही पाहण्या तर पहिल्या दिवसापासून खुल्या असतात. सगळं मास्ट या इंटरनेटवरच्या संग्रहात आहे. मुलीला पायथन शिकू द्या आणि एकाच दीर्घिकेचे वेगवेगळ्या गाळण्यांतले फोटो उतरवून प्रश्न ५ मधला कडा स्वतः शोधू द्या. प्रस्ताव कुठल्याही देशातून पाठवता येतो. नावं झाकून छाननी होते, पण मागणी उपलब्ध वेळेच्या कित्येक पट असते.

१६. अलकनंदा आकाशात कुठे आहे? घरच्या दुर्बिणीतून दिसेल?

दिसणार नाही, पण जागा दाखवता येते. नोव्हेंबरच्या मध्यात रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. उजवीकडे एकटाच तेजस्वी तारा दिसेल, तो फोमलहॉट. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश झाकते. फोमलहॉटपासून डावीकडे दीड मुठीहून किंचित जास्त जा. पुण्याहून पाहिलं तर ही जागा क्षितिजापासून सुमारे चाळीस अंश वर, जवळजवळ ठीक दक्षिणेला येते. तिथे डोळ्यांना काहीच दिसणार नाही. अबेल २७४४ तिथेच आहे आणि त्याच्या मागे अलकनंदा.

मग मागे वळा. उत्तरेला शर्मिष्ठा तारकासमूहाचा इंग्रजी एम दिसेल; तिथून डोक्याच्या दिशेने नजर वर नेली की अंधाऱ्या जागेवरून एक धूसर पुंजका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. ती देवयानी दीर्घिका. तिचा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघाला. साधी द्विनेत्री असेल तर सोबत घ्या आणि चंद्र नसलेली रात्र निवडा.